काठीवरच्या खुणा

बाबा पंपघरावर होते, बत्तीस वर्षं.
आमच्या फ्रीसलंडात जमीन समुद्राच्या खाली,
रात्री दोनदा उठून ते पट्टी बघायचे.
पाणी उतरलं असेल तर पांघरूण,
चढलं असेल तर बूट.
गावातलं पाणी बाहेर फेकणाऱ्या इंजिनाची धडधड
ऐकतच मी झोपायचे.
ती थांबली की दचकून जाग यायची.

इथे जाग येते शेजारच्या गाढवामुळे.
आलेंतेजूच्या या उघड्या टेकडीवर
एक दगडी घर, अंजिराची दोन झाडं,
अंगणाखाली चुन्यानं लिंपलेलं टाकं
आणि टाक्यात सोडायची बोरूची लांब काठी.
काठीवर सुरीनं पाडलेल्या नऊ खुणा,
कुणी पाडल्या, ते देओलिंदालाही आठवत नाही.
घर विकताना दलालानं सगळं दाखवलं,
सूर्यास्त तर दोनदा.
काठीबद्दल बोलला नाही.

जूनमध्ये आलो तेव्हा सहा.
येल्मरनं पहिल्याच आठवड्यात गाडी धुतली,
वर शीळ घालत.
बांधापलीकडून देओलिंदा बघत राहिली,
बोलली काहीच नाही,
नुसतं आमचं पाणी जोखलं.

साडेचार.
मग शिकलो.
भाजी धुतलेल्या पाण्यात हात,
हात धुतलेल्यात फरशी,
फरशीचं लिंबाच्या बुंध्याला.
अंघोळ बुधवारी आणि रविवारी, एकाच टबात,
आधी फेना, मग सीबे, मग मी,
येल्मर शेवटी, साबणाच्या राखाडी सायीत
गुडघे वर काढून बसलेला,
शीळ आता बंद.
सीबे दात घासून झाले की
गाल फुगवून अंगणात पळतो
आणि नेम धरून टोमॅटोवर चूळ सोडतो.
कुठल्या रोपाची पाळी कधी,
ते त्यानं वहीत लिहून ठेवलंय.

भांडण एकदाच झालं, पण मोठं.
फेनानं केस धुतले, न विचारता.
तेरा वर्षांची पोर, शाळेच्या बसमध्ये
मागच्या बाकावरच्या कुणीतरी नाक मुरडलं होतं.
तीन बादल्या.
मी काठी घेऊन स्वयंपाकघरात उभी,
तिच्या ओल्या टोकावर बोट ठेवून.
ती म्हणाली, आई, हल्ली तू या काठीशीच बोलतेस.
आणि रडायला लागली, हमसून हमसून.
माझ्या मनात पहिलं काय आलं,
खरं सांगते, लाज वाटते सांगताना:
केवढं हे पाणी.

दुसऱ्या दिवशी देओलिंदा आली,
फेनाला पायरीवर बसवलं,
तिच्या केसांत मूठभर मक्याचं पीठ चोळलं
आणि जाड कंगव्यानं झाडत राहिली.
पिवळा धुरळा उडाला, कोंबड्या धावत आल्या.
आम्ही मुली अशाच नाचायला जायचो, ती म्हणाली,
अंधारात पोरांना काय कळतंय.
फेना हसली. कितीतरी दिवसांनी.
शब्द अर्धेच समजले असतील तिला.

ऑगस्टच्या वीस तारखेला
काठी तळावर आपटून कोरडी वाजली.
अग्निशमनवाल्यांचा लाल टँकर चढण चढून आला.
आग नव्हती कुठे.
ड्रायव्हरनं धार संपल्यावरही पाइप उंच धरला,
वाकवला, झटकला,
शेवटचा घोट आत पडल्याचा आवाज येईपर्यंत
आम्ही चौघं गप्प उभे,
चर्चमध्ये असल्यासारखे.

रविवारी रात्री बाबांचा फोन येतो.
ऐकू कमी येतं त्यांना आता.
गुडघा, हवा, सीबेचा पडलेला दात,
मग जुन्या सवयीनं:
पट्टी काय म्हणते, वीत्स्के?
अडीच, मी ओरडून सांगते.
कालपेक्षा दोन बोटं खाली.

उतरलंय ना, बाबा म्हणतात,
छान.
झोप मग आता.